चूलबंद आवतण

वैशाख लागला की आमच्या ट्रेडलचा, पायानं चालवायच्या छापयंत्राचा, आवाज बदलतो. पातळ कागदाची हँडबिलं छापताना ती सुपात धान्य पाखडल्यासारखी वाजते. लग्नपत्रिकेचा जाड कागद आला की उखळात मुसळ पडावं तसं. चिंचवड स्टेशनाजवळच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोळे मिटून बसलं तरी लग्नसराई आली हे कळतं. हळदीच्या रंगाच्या कागदाचे गठ्ठे, घासलेटनं पुसलेल्या शाईचा वास, दारात कडुनिंबाचा उरलासुरला मोहोर. आणि वारा पिंपरीकडून असेल तर औषधाच्या कारखान्यातला तो आंबूस, शिळ्या कांजीसारखा वास. नवा माणूस नाक धरतो. आम्हाला तो पगाराचा वास वाटतो.

काल शालन आली. कारखान्यात माझ्याच खात्यात बाटल्यांना लेबलं चिकटवते. येत्या पंधरवड्यात तिचं लग्न. हातात वहीचं फाडलेलं पान होतं. एका बाजूला पत्रिकेचा मजकूर, दुसऱ्या बाजूला खर्चाची यादी, खोडून खोडून काळी झालेली. स्टुलावर टेकता टेकता ती म्हणाली, "ताई, तुमच्या पत्रिकेत एक ओळ होती म्हणे. ती घातली की खर्च वाढतो?"

"वाढतो," मी म्हणाले.

"किती?"

माझ्या लग्नाचा पै-पैचा हिशोब मला आजही तोंडपाठ आहे. पण त्या ओळीची किंमत किती झाली, हे सांगायचं तर तो सगळा वैशाखच सांगायला हवा.

मी पत्रकांवर वाढले. अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत. दिवसा मालकाच्या जाहिराती आणि सुट्टीच्या दिवशी गिरणी कामगारांची पत्रकं. आई मी पाच वर्षांची असताना गेली, म्हणून अप्पा मला बरोबर नेत. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आली ती उलटी, शिशाची, बोटांना काळं करणारी. इतर मुलींनी 'कमळ' वाचलं तेव्हा मी 'हक्क' वाचला. नऊ वर्षांची असताना गिरणीत मोठा संप झाला. टोपली घेऊन आम्ही पोरं वस्तीवस्तीतून, जवळच्या खेड्यांतून भाकरी गोळा करायचो. कुणी दोन द्यायची, कुणी चार, कुणी चटणीसकट फडक्यात बांधून. डोक्यावर ऊन आणि टोपलीतून मानेवर उतरणारी भाकरीची ऊब. ती ऊब मी विसरले नाही. पुढे त्याच उबेवर माझं लग्न लागणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

पिंपरीला कारखाने उभे राहू लागले तसे अप्पा इकडे आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या छापखान्यात घासून जमवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी ट्रेडल घेतली आणि खिळे ठेवायच्या खणाखणांच्या चार केसा. एवढंच त्यांचं घर, शेत आणि म्हातारपण. त्या ट्रेडलवर बिलबुकं छापून पोट चाले आणि पत्रकं छापून मन. अशाच एका पत्रकाचा मजकूर घेऊन शंकर आला. पिंपरीच्या कारखान्यात फिटर, राहणारा चाकणच्या वाटेवरच्या कुरुळीचा. त्याच्या मजकुरात मी सहा चुका काढल्या. त्यानं पाच कबूल केल्या आणि सहावीवर अर्धा तास भांडला. मी त्याला नावानं लिहिते याचं कुणाला वाईट वाटलं तर वाटो. तोही मला तेव्हा 'तुम्ही' म्हणे आणि मीही त्याला. दोघांपैकी एकालाच मान द्यायचा हे आम्हाला पटत नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघांनी शेडमधल्या कागद कापायच्या टेबलावर बसून खर्च मांडला. हुंडा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. कर्ज काढायचं नाही. पंचाहत्तर रुपये माझ्या पगारातून साठवलेले आणि पंचाहत्तर त्याच्या. दीडशे रुपयांत लग्न. मुलीच्या बापानं खर्च करायचा ही रीत आम्ही त्या टेबलावरच मोडली. आणे जाऊन नवे पैसे आले त्याच वर्षीची ही गोष्ट. शंकर नव्या पैशात मांडायचा, अप्पा आण्यात तपासायचे आणि दोघांच्या बेरजेत दर वेळी दोन-चार पैशांचा घोळ निघायचा.

तोवर मी एकदा पुण्याला मंगल कार्यालयाची चौकशी करून आले होते. पुणं म्हणजे मोठं शहर, लग्न तिथं झालं तर कारखान्यातल्या बायका नाव काढतील, असं मलाही क्षणभर वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? गादीवर बसलेल्या व्यवस्थापकानं वर न बघता विचारलं, "मुलीकडचं कोण आलंय?"

"मी."

"तसं नव्हे. मुलगी कोण?"

"मीच."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, वडिलांना पाठवा. भाड्याच्या गोष्टी मुलीशी कशा बोलायच्या?"

"पैसे माझे आहेत."

"असतील. पण पावती कुणाच्या नावानं फाडू?"

भाडं ऐकलं तेव्हा कळलं, माझा सव्वा महिन्याचा पगार फक्त छपरासाठी जाणार. भांडी वेगळी, पाणी वेगळं, वरपक्षाच्या खोलीतल्या गाद्यासुद्धा वेगळ्या. परतताना मी मनाशी पक्कं केलं. लग्न आमच्याच शेडच्या दारात, कडुनिंबाखाली होईल.

मग यादी सरळ झाली. मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि मणी तीस रुपये, माझं लुगडं सोळा, शंकरचं धोतर-सदरा बारा. भटजी मला नको होता, पण शंकरच्या आईनं त्यावर पाय रोवले, म्हणून पाच. वाजंत्री आठ, भाड्याची भांडी सहा, पत्रिकेचा कागद तीन. जेवायला ऐंशी माणसं: चाळीस आमची, कारखान्यातली आणि शेजारची, चाळीस कुरुळीची, घरटी एक. माणशी दहा आणे धरून पन्नास रुपये. म्हणजे एकशे तीस झाले आणि वीस अडीअडचणीला. तारीख रविवारची, म्हणजे कुणाचा खाडा नको. मी त्या यादीकडे एखाद्या जिंकलेल्या लढाईकडे बघावं तसं बघत होते.

मग मी पत्रिका लिहायला घेतली आणि तिथं माझी सवय आडवी आली. पत्रक लिहिणाऱ्याला कुणाला वगळलेलं सोसत नाही. 'घरटी एक' या दोन शब्दांवर मी अडले. घरटी एक म्हणजे कोण येणार? बाप्या. दरवेळी तोच येतो. बाईच्या वाट्याला लग्नातलं जेवण येतं ते ऐकून: बुंदी कशी होती, आमटीला फोडणी कशी होती. सोलापुरात मी हे बघितलं होतं. कारखान्यात माझ्याबरोबर पुरुषांएवढं काम करणाऱ्या बायका लग्नाच्या पंगतीत मात्र उरलंसुरलं खायला बसत. माझ्या लग्नात तरी हे होऊ द्यायचं नाही. मी शेवटी एक ओळ जुळवली: 'घरातील स्त्रिया व मुले यांच्यासह अगत्य यावे.'

माझा हिशोब असा की, घरटी एकाऐवजी काही घरांतून बाप्याबरोबर बाई येईल, एखादं मूल येईल. वीसेक माणसं वाढतील. अडीअडचणीचे वीस रुपये आहेतच.

प्रूफ अप्पांनी वाचलं. अप्पांच्या लाल पेन्सिलीतून अनुस्वारसुद्धा सुटत नसे. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "छाप."

पत्रिका कुरुळीला गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, कारखान्याचा दुपारचा भोंगा होऊन थोडा वेळ झाला असेल, शंकर सायकलवरून आला. सायकल कडुनिंबाला टेकवली नाही, आपटली.

"काय छापलंत तुम्ही हे?"

"का? काय चुकलं?"

"गुरवानं पत्रिका देवळापुढं वाचली. बायामुलांसह म्हटल्याबरोबर म्हातारी माणसं टोप्या उडवायला लागली. चूलबंद! चूलबंद आवतण!"

मला शब्द कळला नाही. त्यानं कपाळावरचा घाम पुसत समजावलं. कुरुळीकडे आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी आवतण दिलेल्या घरातली चूल पेटायची नाही. म्हातारा, बाळंतीण, पोरंठोरं, सगळं घर मांडवात जेवणार.

"कुत्रंसुद्धा मागं राहत नाही," शंकर म्हणाला. "गावात शेवटचं चूलबंद पाटलाच्या घरचं झालं, मी तेव्हा पाळण्यात होतो. आता लोक म्हणतात, शंकऱ्या फिटर झाला आणि पाटलाच्या वर गेला!"

अप्पा ट्रेडलमागे उभे होते. मी पाटी ओढली. चाळीस घरं, घरटी सहा-साडेसहा माणसं, म्हणजे दोनशे साठ. आमची चाळीस. तीनशे. दहा आण्यानं एकशे सत्त्याऐंशी रुपये आठ आणे, नुसतं जेवण. सगळ्या लग्नापेक्षा जास्त.

"निरोप धाडू," शंकर हळूच म्हणाला. "चुकून छापलं गेलं, घरटी एकच या."

"म्हणजे बायांना सांगायचं, तुम्ही येऊ नका?"

त्यानं पुन्हा कपाळाचा घाम पुसला.

"ते मी तोंडानं सांगणार नाही. तुम्हीही नाही."

"मग पतपेढीतून काढू थोडे. दोन वर्षांत फिटतील."

"कर्ज नाही, असं आपलं ठरलं होतं. या टेबलावर ठरलं होतं."

"टेबल जेवायला घालणार आहे का तीनशे माणसांना?"

तेव्हा अप्पा पुढे आले. हात पुसायच्या फडक्याला बोटं पुसत, रोजच्या आवाजात म्हणाले, "पुण्याचा एक छापखानेवाला ट्रेडल मागतोय. पाडव्यापासून दोनदा येऊन गेला. हो म्हणून टाकतो. माझे डोळे तरी आता किती दिवसांचे?"

मला त्या क्षणी ट्रेडलचं चाक दिसलं. त्याच्या दांड्यावर अप्पांच्या पायानं झिजून पडलेली खाच दिसली. माझ्या एका ओळीपायी ती खाच दुसऱ्याच्या घरी जाणार होती. मी म्हणाले, "छापखाना विकून लग्न करायचं असेल, तर लग्न नको."

"वेडी आहेस."

"असेन. पण ट्रेडल इथून हलणार नाही."

लग्नाला नऊ दिवस उरले होते. ओळ मागे घ्यायची नाही, कर्ज काढायचं नाही, ट्रेडल विकायची नाही. तिन्ही बाजूंना मीच भिंती उभ्या केल्या होत्या. दोन दिवस मी बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते आणि प्रत्येक लेबलागणिक मनात एक पान वाढत होते. बुंदी काढून टाकली. भात काढून टाकला. पोळ्या तर नव्हत्याच. काय काय काढलं तरी तीनशे माणसांच्या पोटाला आधार देणारी एक गोष्ट लागतेच. ती कोणती, हे आठवायला मला दोन दिवस का लागले याची आजही लाज वाटते. नऊ वर्षांची असताना मी ती डोक्यावर वाहिली होती.

भाकरी.

पुढच्या सुट्टीला मी सकाळच्या एसटीनं कुरुळीला गेले. एकटी. लग्नाआधी नवरीनं सासरच्या गावात पाऊल टाकायचं नसतं, हे मला माहीत होतं. मोशीपाशी इंद्रायणीच्या पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त दिसत होते. गाडीत चाकणच्या बाजाराला निघालेली माणसं, पायाशी कांद्याची रिकामी पोती, आणि त्या उग्र वासात बसून मी मनात भाषण जुळवत होते. कुरुळीच्या फाट्यावर उतरले तोवर ते भाषण पार विसरून गेले.

शंकरची आई ओसरीवर लसूण सोलत होती. नवरा लवकर गेल्यावर एकटीनं शेत केलेली, काटक, कमी बोलणारी बाई. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जणू मीच तिची सासू.

"अगं बया! तू हितं? कुनी बघितलं का?"

"सगळ्यांनी बघितलं, आत्याबाई. फाट्यापासून चालत आले."

"बस मग. आता झाकून काय उपेग?"

मी सरळ सांगितलं. पैसे किती आहेत ते सांगितलं, ओळ का घातली ते सांगितलं, चूलबंद मला माहीत नव्हतं हेही सांगितलं. आणि मग म्हणाले, "आमटी आम्ही करू, हवी तेवढी. पण प्रत्येक घरानं आपल्या भाकरी घेऊन याव्यात."

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली. "लगनात आपापली भाकर बांधून आनायची?"

"संपात आम्ही असंच करायचो. घराघरातून भाकरी यायच्या. एवढी माणसं जेवायची, कुणी उपाशी राहिलं नाही."

"बाय माजे, ह्ये लगीन हाय का संप?"

"दोन्ही," मी म्हणाले.

ती हसली नाही. "आमी हुंडा मागितला न्हाई. मानपान मागितलं न्हाई. एक जेवान, त्येबी तू आमच्याच चुलीवर ढकलतीस. लोक म्हनतील, पोराच्या आईनं गाव गोळा केला आन् भाकरी मागितल्या. चूलबंद म्हनायचं आन् चुली पेटवायला लावायच्या! असलं आवतण कुनी ऐकलंय?"

तिचं चुकत नव्हतं. तोवर ओसरीखाली बायका जमल्या होत्या. नवरी बघायला म्हणून आलेल्या, पण आता भांडण ऐकत उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, शेजारची धोंडाबाई, काठीवर हनुवटी ठेवून म्हणाली, "ए, म्या एक इचारू का? लगनाच्या पंगतीत म्या कवा जेवले ठावं हाय का? माज्या सवताच्या लगनात. त्याला चाळीस वर्सं झाली. त्येबी शेवटच्या पंगतीला, आमटीत पानी घातल्याव."

कुणीतरी हसलं. धोंडाबाई हसली नाही. "हिच्या कागदावर माजं नाव न्हाई, पर बायका लिवलंय. गुरवानं वाचलं तवा म्या दोनदा वाचाय लावलं. भाकर काय, रोजच थापतोय की आपुन. बसून खाल्ली कवा?"

शंकरची आई खाली बघत लसूण सोलू लागली. एक पाकळी, दुसरी, तिसरी. मग टरफलं फुंकरीनं उडवून म्हणाली, "गोड मांडवातलंच पायजे. गोडाबिगर माजं पोरगं बोहल्याव चढायचं न्हाई."

"लापशी करू. गुळाची."

"तूप?"

"नावापुरतं."

"बरं. आन् आनखी येक." तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुजी लई मोजायची खोड हाय म्हनं, शंकर सांगतो. भाकरी मोजायच्या न्हाईत. कुनाच्या घरनं किती आल्या, ह्ये इचारायचं न्हाई आन् लिवायचं तर मुळीच न्हाई. ज्याला जमंल त्यो आनील. ज्याच्या घरात पीठ नसंल त्यो मोकळ्या हातानं यील. त्येला खाली बघाया लागलं, तर म्या मांडवातनं उठून जाईन."

मी इतकी पत्रकं वाचली होती, वाटली होती, जुळवली होती. पण मला हे सुचलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मांडवाला कापड नव्हतं. कडुनिंब ते शेड, शेड ते तारेचा खांब अशा सुतळ्या ताणल्या आणि पताका लावल्या त्या आमच्याच छापखान्यातल्या रद्दीच्या. वाया गेलेली पत्रकं तिकोनी कापून खळीनं चिकटवलेली. गुलाबी, हिरवी, पिवळी. अंतरपाट धरला तेव्हा शंकरच्या डोक्यावर 'जागे व्हा' हलत होतं आणि माझ्या डोक्यावर अर्धवट कापलेलं 'भाववाढ'. भटजींनी वर पाहिलं, घसा साफ केला आणि मंगलाष्टकं जरा घाईनंच म्हटली. अक्षता ज्वारीच्या होत्या, कुंकवात रंगवलेल्या.

त्याआधी सकाळी गाड्या आल्या. आदल्या संध्याकाळी निघून वाटेत मोशीपाशी मुक्काम करून आलेल्या अकरा बैलगाड्या, आणि त्यांच्यामागून पायी आलेलं बाकीचं गाव. पुढच्या गाडीत शंकरची आई, मांडीवर पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाडीतून उतरताना तिनं ते कुणाच्या हाती दिलं नाही. स्वतः शेडमध्ये आली, कागद कापायच्या टेबलावर आम्ही चादर अंथरली होती तिथं ठेवलं आणि गाठ सोडली. मग एकामागून एक बायका येत गेल्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, एखादी नाचणीची. जाड, पातळ, एका कडेला करपलेली, मधोमध फुगून फुटलेली, पोरीनं पहिल्यांदाच थापलेली वाकडी. घराघरच्या तव्यांच्या भाकरी एका टेबलावर, जिथं आम्ही दीडशे रुपयांची यादी मांडली होती तिथं. माझी बोटं आपोआप मोजायला लागली होती. मी हात पदराखाली घेतला.

काही बायका मोकळ्या हातानं आल्या. किती, मला माहीत नाही. मी तिकडं पाहिलं नाही.

पहिली पंगत बायकांची बसली. पत्रिकेत छापलं नव्हतं, पण ते शंकरनं ठरवलं आणि ते त्यानंच जाहीर केलं, मुंडावळ्या कानामागं सारून. बाप्ये वाढायला उभे राहिले आणि मग जे झालं ते बघायला हवं होतं. एकानं आमटी पानावर न वाढता थेट धोंडाबाईच्या हातावर ओतली. दुसरा लापशीचं पातेलं घेऊन पंगतीच्या उलट्या टोकानं निघाला. कारखान्यातले माझे फोरमन भाकऱ्यांची चळत छातीशी धरून प्रत्येकीला "घ्या ना, घ्या ना" म्हणत होते, मशीनला तेल घालावं तितक्या काळजीनं. बायका हसून हसून पदर तोंडात कोंबत होत्या.

"अरं, पानी कोन आननार? तुजा बा?"

"मामंजी, मीठ वाढा की. घरी कमी पडलं तर ताट भिरकावता!"

शंकरची आई बसायला तयार नव्हती. वरमाई आधी बसली तर लोक काय म्हणतील? मी तिच्या हाताला धरलं. हिरव्या चुड्यातल्या माझ्या हाताला बसलेली शाई निघाली नव्हती. ती म्हणाली, "सोड, वंगाळ दिसतंय." पण बसली. तिच्या पानात कुणाच्या तरी घरची बाजरीची भाकरी पडली. तिनं तुकडा मोडला, उलटून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "ही रखमीची. रखमी कड जाडच सोडती नेहमी." आणि मग ती जेवली, अगदी शांतपणे. मध्ये उठली नाही, कुणाला वाढलं नाही, आमटी पुरेल का हे विचारलं नाही. मी आजवर एवढ्या सभा पाहिल्या, पण एखाद्या बाईला असं नुसतं बसून जेवताना पाहण्याइतकं मोठं काही पाहिलं नाही.

आमटी पुरली. लापशी शेवटच्या पंगतीला, म्हणजे बाप्यांच्या, जरा पातळ झाली. तक्रार कुणी केली नाही. कुठल्या तोंडानं करणार? खर्च एकशे एकोणपन्नास रुपये चौदा आणे. दोन आणे उरले. त्यांची शंकरनं दोन पानं घेतली, एक मला, एक अप्पांना.

चार दिवसांनी मी शेड आवरत होते. खिळे सोडून परत केसांत टाकायचे होते. तारेवर जुनी प्रूफं टोचलेली असतात, त्यात माझ्या पत्रिकेचं प्रूफ सापडलं. अप्पांच्या लाल पेन्सिलीच्या दोन दुरुस्त्या होत्या. एक काना, एक मुहूर्ताचा आकडा. आणि शेवटच्या ओळीखाली, 'घरातील स्त्रिया व मुले यांच्यासह', एक बारीक रेघ होती. कडेला बरोबरची खूण.

अप्पा कधी बरोबर ओळीला खूण करत नसत. चूक असेल तरच पेन्सिल टेकायची, ही त्यांची शिस्त. मला एकदम आठवलं. सोलापूरच्या आधी, तरुणपणी, अप्पा कुरुळीच्याच खेड तालुक्यात गावोगाव पत्रकं वाटत फिरले होते. जेवत होते ते अशाच घरांतून.

"अप्पा, चूलबंद म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं?"

ते खिडकीशी कागद धरून वाचत होते, डोळ्यांच्या अगदी जवळ. "होतं की."

"प्रूफ वाचताना?"

"तेव्हाही."

"ट्रेडल जाईल हेही कळलं होतं?"

"जाईल असं वाटलं होतं."

"मग ओळ काढली का नाहीत?"

अप्पांनी कागद खाली ठेवला. आपण लहानपणापासून जिला काम शिकवलं तिनंच हे विचारावं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "प्रूफात चूक असली तर मी काढतो," ते म्हणाले. "ती ओळ बरोबर होती."

शालनला मी हे सगळं सांगितलं तेव्हा अप्पा तिथंच होते. आता त्यांना खिळे नीट दिसत नाहीत. बोटांनी चाचपून कुठलं अक्षर ते ओळखतात. शालननं आपलं वहीचं पान उलटं केलं, सुलटं केलं. खर्चाच्या बाजूला बघितलं. तिच्या यादीत जेवणापुढे साठ माणसं होती आणि त्याच्यापुढे एक आकडा, तीनदा खोडलेला.

"तुमच्या मांडवात भाकरी किती आल्या होत्या, ताई? अंदाज तरी सांगा. मला हिशोब मांडायला बरं."

"मला माहीत नाही."

"एवढं सगळं पाठ, आणि तेवढंच नाही?"

"तेवढंच नाही. पण तुझ्या सासूला आधी भेट. एकटी जा. लसूण सोलायला बस तिच्याबरोबर."

बाहेर भोंगा झाला. तिची पाळी भरायची वेळ झाली होती. उठताना तिनं पान माझ्यापुढं टाकलं, खर्चाची बाजू खाली करून.

"काय करू मग, ओळ घालू का नको?" मी विचारलं.

"घाला," शालन म्हणाली. चपला पायात सरकवत ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि ताई, जरा मोठ्या टायपात."

अप्पांचा हात तोवर मोठ्या टायपाच्या वरच्या केसेकडे गेला होता.